वरून आलेला प्रोग्राम

आमच्या कारखान्यात माझ्या वहिनीला सगळेच वहिनी म्हणतात. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा वेल्डरही आणि कालपरवा लागलेला ट्रकवालाही. चूक माझीच. ती कामावर आली त्या पहिल्या दिवशी मी गेटवरच्या रखवालदाराला सांगितलं, ही माझी वहिनी, पॅकिंगला घेतलीय. त्याने रजिस्टरात तेच लिहिलं आणि ते तिला कायमचं चिकटलं.

त्याआधी ती दादाच्या शिवणाच्या दुकानात बसायची. दादा कापड बेतायचा, ती शिवायची. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसं दुकानातलं काम आटत गेलं आणि दोघांपैकी एकाने बाहेर पडायचं ठरलं. मी तेव्हा कारखान्यात तपासणीला होते. पत्रा कापून, वाकवून, जोडून आम्ही त्याच्या पेट्या, कपाटं, यंत्रांची आवरणं बनवतो. नग मोजायचे आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. आजही तेच आहे. मी लग्न केलं नाही, दादाकडेच राहते, त्यामुळे वहिनी मला घरी आणि दारी दोन्हीकडे बघते, आणि मी तिला.

ती पॅकिंगमधून बेंडिंगला कशी गेली ते आधी सांगते. बेंडिंगचं मशीन म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचं धूड. खाली लांबलचक खाचेची डाय, वर पात्यासारखा पंच. मधे पत्रा धरायचा, पायाने पेडल दाबायचं, पंच खाली उतरतो आणि पत्रा खाचेत वाकतो. कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने वाकवायचं ते मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं. तो प्रोग्राम. तर एकदा पाच घड्यांची एक पेटी अडून बसली होती. चार घड्या व्हायच्या आणि पाचवीला आधीची बाजू पंचावर आपटायची. फोरमन आणि त्याचा माणूस दोन दिवस डोकं खाजवत होते. वहिनीने जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्याचा खोका कापला, त्याची तशीच पेटी दुमडली आणि फोरमनपुढे ठेवली. मधली घडी आधी घाला, मग नग उलटा करा, म्हणाली. फोरमनने विचारलं, हे कुठे शिकलात? ती म्हणाली, शर्टाच्या कॉलरवर. क्रम चुकला तर कॉलर उलटी शिवली जाते आणि सुलटता येत नाही.

पुढच्या महिन्यापासून ती बेंडिंगला. चौदा वर्षं झाली. वाकवलेला पत्रा पंच वर गेल्यावर थोडा परत उघडतो. कुठला किती उघडेल, हे ती हातात धरून सांगायची. प्रोग्राम ती मशीनशेजारी उभी राहूनच लिहायची, एक नग वाकवायचा, बघायचा, आकडा बदलायचा. पंच उतरताना मान किंचित तिरकी करायची. ती ऐकत असते, हे मला खूप उशिरा कळलं.

दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. मोठ्या कारखान्यातून आलेले, कामाला वाघ, सगळ्यांच्या आधी हजर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं मी सूड उगवतेय. त्यांनी वरच्या मजल्यावर काचेची खोली केली, तिथे दोन प्रोग्रामर बसवले. प्रोग्राम वर तयार व्हायचा आणि वायरीतून खाली मशीनवर यायचा. खालच्याने तो उघडायचा आणि पेडल दाबायचं. कोनाचा आकडा अर्ध्या अंशापर्यंत बदलता यायचा. बाकी सगळ्याला कुलूप, पासवर्ड फक्त वरच्यांकडे. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक जण आपापलं काहीतरी बदलून ठेवतो आणि मग खरा प्रोग्राम कुठला तेच कळत नाही. यात तथ्य होतं. वहिनीनेही मान्य केलं, पण त्या दिवसापासून ती मशीनला 'साहेबांचं मशीन' म्हणायला लागली.

मग ते हॉस्पिटलचं काम आलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं यंत्र असतं. माणसाला झोळीत बसवतात आणि झोळी वर एका जाड पट्टीला अडकवतात. ती पट्टी आम्ही करायची होती. सहा मिलिमीटरचं कणखर पोलाद, दोन्ही टोकांना नव्वद अंशांची घडी. पहिल्या खेपेला एकशे वीस नग.

पहिला नग वाकवून वहिनीने माझ्या टेबलावर ठेवला. मी मापं घेतली, कोन तपासला, भोकांचं अंतर बघितलं. सगळं चोख. मी सही केली. ती मात्र नग घेऊन खिडकीशी गेली, घडीच्या बाहेरच्या अंगावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला हाक मारली. इथे नख अडतंय, म्हणाली. मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नाही, जेवणाची वेळ झाली होती. ओरखडा असेल, म्हणाले. ती म्हणाली, वाकताना आवाज वेगळा आला.

तिने मग पत्र्याचा कापलेला, न वाकवलेला तुकडा उजेडात धरला आणि त्याच्यावरच्या बारीक रेषा दाखवल्या. पत्रा रोलरमधून लाटून निघतो, तेव्हा त्यालाही कापडासारखा उभा धागा येतो. घडी त्या धाग्याला आडवी घातली तर पत्रा ती सोसतो. धाग्याच्या लांबीने घातली आणि तीही धारदार, तर बाहेरून फाटतो. इथे नेमकं तेच झालं होतं. कापणाऱ्यांनी एका पत्र्यात जास्त नग बसावेत म्हणून तुकडे आडवे फिरवून घेतले होते. आणि मशीनवर आधीच्या कामाची अरुंद डाय चढवलेली होती, ती बदलायला अर्धा तास लागतो, म्हणून वरच्यांनी याही प्रोग्रामला तीच दिली होती. तिने डायचा आकडा बदलायला बोट लावलं. स्क्रीनवर पासवर्ड मागणारी चौकट आली.

ती साहेबांना बोलवायला गेली नाही. मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसली. पंधरा मिनिटांत साहेब स्वतःच आले.

त्यांनी नग हातात घेतला, माझा कागद बघितला. वहिनीने तिन्ही गोष्टी सांगितल्या, डाय रुंद घ्या, पंच गोल तोंडाचा घ्या आणि तुकडे आडवे नको, उभे कापा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पत्रा जास्त लागेल, एकशे वीस तुकडे आधीच कापून झालेत, माल परवा जायचाय, असं सगळं त्यांनी सांगितलं. आणि मग म्हणाले, "कोन बरोबर, मापं बरोबर, तपासणीची सही आहे. मग अडचण काय आहे?"

"याला माणूस लटकणार आहे," वहिनी म्हणाली. "मी पेडल दाबणार नाही."

"मग दुसरा कोणीतरी दाबेल."

"दाबू दे. तो काय दाबतोय ते मी त्याला सांगेन."

साहेबांनी तिथल्या तिथे तिला कडा घासायच्या टेबलावर पाठवलं. तिथे नवशिके बसतात. मशीनवर लंबूला उभं केलं. लंबू आमचा दुसरा बेंडिंगवाला, इतका उंच की स्क्रीन वाचायला त्याला कमरेत वाकावं लागतं. घरी दोन लहान मुली, म्हातारी आई. वहिनीने जाता जाता त्याला खरंच सांगितलं, नख फिरवून दाखवलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी कागद चाळत राहिले. तो मशीनकडे वळला आणि संध्याकाळपर्यंत सगळे नग वाकवून मोकळा झाला. वहिनी उरलेला दिवस त्याच नगांच्या कडा घासत होती, कारण ते वाकले की तिच्याच टेबलावर यायचे.

एरवी वहिनी मला 'तू' म्हणते. रागावली की मी तिची 'वन्सं' होते आणि 'तुम्ही' होते. त्या संध्याकाळी जेवताना तिने मला मीठ देऊ का विचारलं ते असं: "वन्सं, तुम्हाला मीठ हवंय?" दादाने घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

तिने सगळं सांगितलं.  दादा म्हणाला, तू सांगितलंस ना त्यांना, तुझं काम झालं. आता ते जाणोत आणि त्यांचं नशीब. नोकरी घालवून बसू नकोस.

"माझं काम सांगायचं नाहीये," ती म्हणाली. "माझं काम वाकवायचंय. आणि ते नीट झालेलं नाही."

मी माझी बाजू मांडली. माझ्या कागदावर रकाने आहेत, लांबी, कोन, भोकं, रंग. तड्याचा रकाना नाही. जे विचारलंय ते मी बघते. माझं मलाच ते ऐकवेना, तरी मी बोलत राहिले. वहिनीने ताट उचललं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हाला उद्या त्या झोळीत घातलं, तर तुम्ही रकाना बघाल का पट्टी?"

दादा मधे पडला नाही. मी हात धुवून माझ्या खोलीत गेले. दाराला कडी घातली, आणि मग उगाच घातली असं वाटून काढली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ते नग रंगाला जायचे होते. एकदा वरून जाड रंग चढला की तडा असला तरी कोणाला दिसत नाही. वहिनी सकाळी वेल्डरकडे गेली. जोड पक्का आहे का ते बघायला वेल्डिंगवाल्यांकडे दोन फवारे असतात. आधी लाल रंग मारायचा, तो बारीकशा फटीतही शिरतो. दहा मिनिटांनी वरचा पुसून काढायचा आणि पांढरा फवारा मारायचा. फट असली तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. साहेबांच्या परवानगीशिवाय डबे द्यायचे नाहीत, असा नियम आहे. वेल्डरने तिला तो नियम नीट म्हणून दाखवला, मग कपाट उघडं टाकून चहा प्यायला निघून गेला.

कारखान्याच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांची वाट आहे, सगळा माल तिथूनच रंगाकडे जातो. जेवणाची घंटा झाली तसं वहिनीने त्या वाटेवर पुठ्ठे पसरले आणि नग मांडायला सुरुवात केली. घड्या वर करून, ओळीने, चोवीस नग. मधले, कडेचे, ढिगातून हाताला येतील तसे उचललेले. मग खाली बसून एकेकावर लाल फवारा मारत गेली. रंगाकडे माल नेणारा गाडी घेऊन आला, थांबला, त्याने इंजिन बंद केलं. डबे उघडलेले लोक डबे घेऊनच उभे राहिले.

साहेब जिन्यावरून उतरले. वाट मोकळी करा, म्हणाले. वहिनीने मान वर केली नाही.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "मग मी स्वतः उचलीन."

त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तिच्या पंजाला रंग लागला होता आणि ती तो गुडघ्यावर टेकवून होती. मग साहेब माझ्याकडे वळले.

"तुमच्या वहिनीला आवरा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरून उठून चालत तिच्यापर्यंत गेले. वीसेक पावलं असतील. एवढ्यात मी काय ठरवलं म्हणाल तर काहीच नाही, पाय चालत होते. तिच्याजवळ गेले तेव्हा दहा मिनिटं होत आली होती आणि पुसायला एकटीचे हात पुरणार नव्हते. शेजारी चिंध्या पडल्या होत्या. मी बसले आणि पहिला नग पुसायला घेतला.

"कोरड्याने पूस," वहिनी म्हणाली. "पाणी नको लावू."

आम्ही दोघींनी चोवीस नग पुसले. ती पुढे पांढरा फवारा मारत गेली, मी मागून पुसलेले सरळ करत. साहेब तिथेच उभे होते. त्यांनी कोणाला हाक मारून आम्हाला उठवलं नाही, हेही सांगायला हवं. पांढरं सुकत गेलं. आधी काहीच झालं नाही, आणि मागून कोणीतरी हसलं. मग तिसऱ्या नगावर, घडीच्या बरोब्बर पाठीवर, एक लाल रेघ उठली, केसाएवढी. मग पाचव्यावर. मग एकदम चार ठिकाणी. एका नगावर ती या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. चोविसांतले एकोणीस.

लंबू ओळीच्या टोकाशी उभा होता. त्याने टोपी काढली, परत घातली आणि बाहेर निघून गेला.

साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी त्या सगळ्यात लांब रेघेवर बोट टेकवलं, बोट लाल झालं. मी टेबलाकडे गेले, माझा कागद आणला आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, घडीला तडे, पूर्ण माल रद्द. मग वर उरलेल्या जागेत पेनने एक नवा रकाना आखला आणि त्यात तडा लिहिलं.

"सही तुमचीच आहे ना?" साहेबांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"माझीच. म्हणूनच मी खोडतेय."

एकशे वीस नग भंगारात गेले. साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन करून चार दिवस मागून घेतले. कापणाऱ्यांना तुकडे उभे कापायला सांगितलं, वरच्यांना डाय बदलायला सांगितलं आणि वहिनीला निरोप धाडला, की मशीनवर परत या. मला वाटलं, संपलं. वहिनी मशीनपाशी गेली, स्क्रीन बघितली, डाय रुंद होती, पंच बरोबर होता. तिने एका आकड्याला बोट लावलं. पासवर्डची चौकट आली. ती स्टूल ओढून बसली.

साहेबांनी मग तिला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, फक्त तिच्यासाठी, कोणाला सांगायचा नाही या अटीवर. तिने चिठ्ठी घडी करून परत केली. म्हणाली, मी नसेन तेव्हा लंबू असतो, रात्रपाळीचा माणूस असतो. त्यांच्या हाताखाली तडा गेला तर त्यांनी काय करायचं? उघडायचं तर सगळ्यांना उघडा.

साहेबांनी लंबूला मशीनवर जायला सांगितलं. लंबू गेला, आणि वहिनीच्या शेजारी दुसरं स्टूल ठेवून बसला. त्याला त्यावर गुडघे कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं, पण तो बसून राहिला. रात्रपाळीचा माणूस आला तेव्हा त्याला लंबूने सांगितलं आणि तोही बसला. मागून घेतलेल्या चार दिवसांतले दोन असेच गेले. दादाने घरी एकदाही नोकरीचा विषय काढला नाही. दुकान लवकर बंद करून तो स्वयंपाक करून ठेवायला लागला, आणि तो खारट व्हायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीतली प्रोग्रामर खाली उतरली. चष्मा लावणारी, फारशी न बोलणारी मुलगी. दीड वर्षात ती मशीनपाशी आलेली मी पाहिली नव्हती. तिने वहिनीला विचारलं, डाय बदलताना मला दाखवाल का, मी कधी बघितलेलंच नाही. वहिनीने मशीन बंद ठेवूनच डाय उतरवली, चढवली, दाखवली. तुकडे आडवे फिरवले होते हे आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं, मुलगी म्हणाली. मग ती साहेबांकडे गेली. काचेच्या खोलीत ते दोघं बराच वेळ बोलताना खालून दिसत होते. दुपारी ती पुन्हा आली आणि तिने कुलूप काढलं. आता मशीनवरचं कोणीही आकडा बदलू शकेल, फक्त बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाईल.

"नाव लागायला माझी ना नाही," वहिनी म्हणाली आणि उठली.

पहिला नग तिने वाकवला, मी त्यावर लाल मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला, पांढरा मारला. पांढराच राहिला. बाकीचे तिने आणि लंबूने आलटून पालटून वाकवले, आणि मी प्रत्येक दहावा नग तसाच तपासला. माल वेळेवर गेला. नंतर गिऱ्हाइकाच्या माणसाने आम्हाला बोलावून दाखवलं, की पट्टीला तीन माणसांचं वजन टांगून ठेवलं होतं. वहिनी वजनाकडे बघत नव्हती, वाकून घडीची पाठ बघत होती.

आठवड्याने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. कारकुनाने दोन पाकिटं पुढे केली. वहिनीच्या पत्रात लिहिलं होतं, की तिने परवानगी नसताना सामान वापरलं आणि वाटेत अडथळा आणला, ही ताकीद समजावी. माझ्या पत्रात मी कागदपत्रांत खाडाखोड केल्याचं होतं. खाली साहेबांची सही होती आणि आमच्या सहीसाठी मोकळी जागा होती. कारकून बिचारा म्हणाला, रिवाज आहे, मनावर घेऊ नका, सही करा आणि मोकळ्या व्हा.

वहिनीने पत्र दोनदा वाचलं. मग सहीच्या जागेच्या वर, कारकून बघत असताना, ठळक अक्षरात लिहिलं: 'वाटेत अडथळा आणला, हे खरं आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन.' आणि खाली सही केली. पूर्ण नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट, जे मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

कारकुनाने विचारलं, असं कसं चालेल, हे वर जाणार आहे.

"जाऊ द्या," ती म्हणाली.

मी माझं पत्र पुढे ओढलं. खाडाखोड केली हे खरं आहे, असं लिहिलं, आणि पुढचं काय लिहावं याचा विचार करत थांबले. वहिनी दारात उभी होती. चल लवकर, म्हणाली, लिफ्टच्या दरवाजांचा पत्रा उतरलाय आणि तुकडे कसे कापलेत ते वाकवायच्या आधी बघायचंय. मी तिच्यासारखंच वाक्य लिहिलं, सही केली आणि तिच्या मागे निघाले.